आदिवासी समाज आणि संस्कृतीवर उभं राहिलेलं शिक्षण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संस्कृतीवर आधारित शिक्षण म्हणजे नेमकं काय?

ज्या समाजाची मुलं शाळेत येतात त्या समाजाची भाषा, ज्ञान, नातीगोती आणि शिकवण्याच्या रीती यांच्यावरच शाळा उभी करायची, हा त्याचा गाभा. विल्यम डेमर्ट आणि जॉन टाउनर यांनी २००३ साली अमेरिकेतल्या या विषयावरच्या संशोधनाचा आढावा घेतला. (डेमर्ट स्वतः त्लिंगिट आणि सू या अमेरिकेतल्या आदिवासी समाजांतले.) अशी शाळा ओळखण्याच्या सहा खुणा त्यांनी सांगितल्या: समाजाच्या भाषेचा वापर, मोठी माणसं मुलांशी ज्या रीतीने वागतात-बोलतात तिचा वर्गात वापर, मुलांना घरी सवयीच्या असलेल्या शिकण्याच्या पद्धती, परंपरा आणि मुलांचं आजचं जगणं या दोन्हींवर आधारलेला अभ्यासक्रम, शिक्षणाच्या नियोजनात पालकांचा, ज्येष्ठांचा भरीव सहभाग, आणि समाजाच्या रीतिभातींची, राजकीय व्यवस्थेची जाण.

सहापैकी अभ्यासक्रमाची खूण शाळांना सर्वांत सोपी वाटते, कारण चार धडे घातले की काम झालं. टाळली जाते ती सहभागाची. माझ्या मते उरलेल्या पाचही त्या एका खुणेवर अवलंबून आहेत: शाळेत काय शिकवायचं, कोणी आणि कधी, हे ठरवतं कोण?

वार्षिक समारंभात पारंपरिक नृत्य बसवलं तर ते यात मोडतं का?

नाही. नृत्य बसवायला हरकत काहीच नाही. पण दुसऱ्या दिवसापासून पुन्हा मुलाची भाषा वर्गाबाहेर आणि आजीचं ज्ञान शाळेच्या फाटकाबाहेर असेल, तर तो कार्यक्रम झाला, शिक्षण झालं नाही.

शाळा सगळ्यांसाठी सारखीच असते. मग वेगळं काही करण्याची गरज का पडली?

कारण आदिवासी मुलांसाठी ती कधी सारखी नव्हतीच. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातली कार्लाईल इंडियन इंडस्ट्रियल स्कूल (तिथे आदिवासींना 'इंडियन' म्हणत) १८७९ साली सुरू झाली आणि १९१८ पर्यंत चालली. संस्थापक रिचर्ड हेन्री प्रॅट हे लष्करी अधिकारी होते. माणूस वाचवायचा तर त्याच्यातला 'इंडियन' मारला पाहिजे, हे त्यांचं जाहीर मत होतं. आलेल्या मुलांचे केस कापले गेले, नावं बदलली गेली, भाषेवर बंदी आली. पुढच्या कित्येक निवासी शाळांनी हाच नमुना गिरवला.

कॅनडात अशा निवासी शाळांमधून सुमारे दीड लाख मुलं गेली. शेवटच्या शाळा बंद व्हायला १९९० चं दशक उजाडावं लागलं. तिथल्या सत्य आणि समेट आयोगाने २०१५ साली या व्यवस्थेला 'सांस्कृतिक वंशसंहार' म्हटलं आणि ९४ शिफारशी केल्या. न्यूझीलंडमध्ये १८६७ च्या कायद्याने माओरी मुलांच्या शाळांत इंग्रजी माध्यम आणलं. हवाईत राजसत्ता उलथवल्यानंतर १८९६ च्या कायद्याने शाळेतून हवाईयन भाषा हद्दपार झाली. नॉर्वेत सामी या आदिवासी समाजाच्या मुलांना नॉर्वेजियन करून सोडायचं हे अनेक दशकं सरकारी धोरण होतं.

हे सगळं एवढ्यासाठी सांगायचं, की आदिवासी पालक शाळेबद्दल उदासीन असतात अशी तक्रार शिक्षक पुष्कळदा करतात. ज्या घरातल्या आजोबांना मातृभाषेत बोलल्याबद्दल शाळेत मार बसला होता, त्या घराला शाळेविषयी संशय असणारच. त्याला उदासीनता म्हणणं म्हणजे इतिहास न वाचताच निकाल देणं होय.

या शिक्षणाची सुरुवात कुणी केली?

एकच आरंभबिंदू दाखवता येत नाही, पण माझ्या आवडीचं उदाहरण बोलिव्हियातलं आहे. तिथल्या पठारावर वारिसाता इथे १९३१ च्या ऑगस्टमध्ये शिक्षक एलिसार्दो पेरेस आणि आयमारा या आदिवासी समाजाचे नेते आवेलिनो सिन्यानी यांनी शाळा काढली. वर्ग, शेत आणि कार्यशाळा तिन्ही ठिकाणी शिक्षण चाले आणि कारभार समाजातल्या ज्येष्ठांच्या परिषदेकडे होता. जमीनदारांना ती खुपली. साधारण १९४० च्या सुमारास सरकारने तो प्रयोग मोडून काढला. पुढे सत्तर वर्षांनी, २०१० साली, बोलिव्हियाने नवा शिक्षण कायदा केला आणि त्याला सिन्यानी व पेरेस यांचीच नावं दिली.

अमेरिकेत १९६६ साली ॲरिझोनात रफ रॉक ही शाळा सुरू झाली. तिचं मंडळ नवाहो या आदिवासी समाजाच्या स्थानिक लोकांनी निवडलेलं होतं. दोन वर्षांनी नवाहो समाजाने स्वतःचं महाविद्यालय काढलं, आज त्याला दिने कॉलेज म्हणतात. अमेरिकेतलं ते आदिवासी समाजाच्या ताब्यातलं पहिलं महाविद्यालय. आता अशी तीसहून जास्त आहेत. कॅनडात १९७२ साली आदिवासींच्या राष्ट्रीय संघटनेने आपल्या शिक्षणाचा ताबा आपल्याकडे हवा अशी मागणी धोरणाच्या रूपात मांडली.

भाषेवर एवढा भर का?

बाकी गोष्टी पुन्हा शिकता येतात. भाषा बोलणारी शेवटची पिढी गेली की तिच्यातलं बरंच काही तिच्याबरोबर जातं. माओरी लोकांच्या हे १९७० च्या दशकात लक्षात आलं. भाषा अस्खलित बोलणारे होते, पण ते आजी-आजोबांच्या वयाचे. मधली पिढी इंग्रजीत वाढलेली. तेव्हा त्यांनी मधली पिढी ओलांडून थेट नातवंडांना आजी-आजोबांच्या हाती दिलं. १९८२ साली पहिलं कोहंगा रेओ, म्हणजे 'भाषेचं घरटं', सुरू झालं. बालवाडीच्या वयाची मुलं दिवसभर फक्त माओरी ऐकायची, माओरीतच खायची-खेळायची. काही वर्षांतच अशी शेकडो घरटी देशभर झाली.

मग प्रश्न आला की ही मुलं पुढे जाणार कुठे? इंग्रजी शाळेत घातली की वर्षभरात भाषा सुटायची. म्हणून १९८५ साली ऑकलंडमध्ये पहिली कुरा कौपापा माओरी, म्हणजे माओरी तत्त्वांवर चालणारी प्राथमिक शाळा निघाली. माओरीला अधिकृत भाषेचा दर्जा मिळाला तो १९८७ साली. कायदा मागून आला, शाळा आधी. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

हवाईतल्या मंडळींनी हे पाहिलं आणि १९८४ साली काउआई बेटावर पूनाना लेओ ही पहिली बालवाडी काढली. तेव्हा हवाईयन बोलणारी लहान मुलं बोटांवर मोजण्याइतकी उरली होती, आणि हवाईयन माध्यमाची शाळा कायद्यात बसतच नव्हती. पालकांनी पाठपुरावा करून १९८६ मध्ये कायदा बदलून घेतला. या वाटेने शिकलेली पहिली मुलं १९९९ मध्ये शालान्त झाली.

अशी मुलं मुख्य प्रवाहाच्या भाषेत मागे पडत नाहीत का?

पालकांची ही काळजी खरी आहे, तिला हसू नये. पण अनुभव उलटा आहे. ॲरिझोनातल्या रॉक पॉइंट शाळेत १९७० च्या दशकात मुलं आधी नवाहोत वाचायला शिकायची आणि इंग्रजी वाचन नंतर यायचं. खालच्या वर्गांत ती मागे असल्यासारखी दिसत. वरच्या वर्गांत मात्र इंग्रजी वाचनातही ती सुरुवातीपासून इंग्रजीतच शिकलेल्या नवाहो मुलांच्या पुढे गेली. वाचायला माणूस एकदाच शिकतो. ते कौशल्य दुसऱ्या भाषेत घेऊन जाता येतं. हवाईयन माध्यमाच्या शाळांत इंग्रजी हा विषय पाचवीत येतो, तोही दिवसाकाठी तासभर. सभोवताली इंग्रजीच असल्यामुळे ती न आल्याची तक्रार तिथे ऐकू येत नाही.

मात्र एक सावधगिरी हवी. पहिली एक-दोन वर्षं मातृभाषा वापरायची आणि मग झटकन सोडून द्यायची, अशा योजनांमधून वरचा लाभ मिळेल असं समजू नये. रॉक पॉइंटला फरक दिसला तो वरच्या वर्गांत. अधिकारी मात्र दुसरीची परीक्षा बघूनच योजना गुंडाळतात.

गणित तर सगळीकडे सारखंच. त्यात संस्कृती कुठून आणायची?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो, आणि उत्तर देताना मला सर्वांत जास्त मजा याच प्रश्नाला येते.

अलास्कातले युपिक लोक सामन मासा सुकवायला लाकडी मांडणी उभारतात. तिचा पाया काटकोनी चौकोन असावा लागतो, नाहीतर वाऱ्यात आणि ओझ्याने ती कलते. हाताशी गुण्या नसताना चारही कोन काटकोन झाले हे कसं ओळखायचं? जाणती माणसं दोरीने दोन्ही कर्ण मोजतात; समोरासमोरच्या बाजू सारख्या आणि कर्णही सारखे, म्हणजे चौकोन बरोबर. अलास्का विद्यापीठातले जेरी लिप्का आणि त्यांचे सहकारी युपिक ज्येष्ठांबरोबर आणि शिक्षकांबरोबर वर्षानुवर्षं बसले आणि अशा कामांमधून गणिताचे पाठ तयार झाले. मांडणीच्या पाठात मुलं परिमिती आणि क्षेत्रफळ शिकतात, आयताचे गुणधर्म शिकतात, आणि 'हा आयतच आहे' हे सिद्ध कसं करायचं यावर वाद घालतात.

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मिकमाव समाजात साळिंदराच्या काट्यांची गोल डबी करतात. तिच्या झाकणाला लाकडी पट्टीचं कडं लागतं. पट्टी किती लांब घ्यायची? डबी करणारी आजी सांगते: रुंदी तीनदा मोजायची आणि वर एक अंगठा धरायचा. पायची (π) किंमत, म्हणजे वर्तुळाचा परीघ त्याच्या रुंदीच्या किती पट असतो हे, शिकवायला याहून सुंदर सुरुवात मला माहीत नाही. 'हा अंगठा नेमका किती? डबी मोठी झाली तर अंगठाही मोठा लागेल का?' एवढं विचारलं की वर्ग कामाला लागतो.

अलास्काच्या उत्तर किनाऱ्याला काक्टोविक नावाचं छोटं गाव आहे. तिथली इन्युपियाक भाषा विसाच्या पटीत मोजते आणि विसाच्या आत पाचापाचांचे गट करते. दशमान अंकांत ही मोजणी बसेना. १९९० च्या दशकाच्या मध्यावर तिथल्या माध्यमिक शाळेतल्या मुलांनीच गणिताच्या तासाला नवे अंक घडवले: शून्य ते एकोणीस अशी वीस चिन्हं. आडव्या-उभ्या रेघांची रचना अशी, की पाचाचे गट आणि सुटे एकक डोळ्यांना दिसतात, आणि काही भागाकार नुसत्या आकाराकडे बघून करता येतात. २०२२ मध्ये हे अंक युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक मानकात, आले. यात आजोबांचं जुनं काही उकरून काढलेलं नाही. शाळकरी मुलांनी भाषेला साजेशी नवी वस्तू केली. संस्कृतीवर आधारित शिक्षण म्हणजे मागे जाणं, असं म्हणणाऱ्यांना मी हे उदाहरण देतो.

आणि उत्तर ऑस्ट्रेलियातल्या यिर्कला इथल्या योलंगू शिक्षकांनी आणखी मोठी झेप घेतली. त्यांच्याकडची नातेव्यवस्था नियमबद्ध आहे. आईचं नातं अमुक तर तिच्या आईचं तमुक, असं पिढ्यांमागून पिढ्या चक्र फिरत राहतं आणि प्रत्येक माणसाची, प्रत्येक भूभागाची त्यात जागा ठरलेली असते. त्यांनी म्हटलं, तुमच्याकडे जगाला क्रम लावायला संख्या आहेत, आमच्याकडे नाती. दोन्हीत एकच नियम पुन्हा पुन्हा लावून अनंत गोष्टी उभ्या करता येतात. त्यावरून त्यांनी गणिताचा अभ्यासक्रम बांधला.

म्हणजे प्रत्येक गणितात मासा आणि होडी घालायची का?

कृपा करून नको. 'रामूकडे ५ आंबे' च्या जागी '५ सामन' लिहिलं म्हणून गणित युपिक होत नाही. वरच्या चारही उदाहरणांत समाजाला आधीच ठाऊक असलेला गणिती विचार वापरला आहे. नुसती नावं बदलणं हे काम पाठ्यपुस्तक मंडळं अर्ध्या दिवसात करतात आणि अहवालात मोठ्या अक्षरांत लिहितात.

विज्ञानाशी याचा झगडा होत नाही का?

क्वचित होतो, बहुतेक वेळा होत नाही. मिकमाव ज्येष्ठ अल्बर्ट आणि मर्डीना मार्शल यांनी २००४ च्या सुमारास 'दोन डोळ्यांनी पाहणं' ही कल्पना मांडली: एका डोळ्याने आपल्या समाजाच्या ज्ञानाचं बळ पाहायचं, दुसऱ्याने आधुनिक विज्ञानाचं, आणि दोन्ही डोळे उघडे ठेवायचे.

प्रत्यक्षात हे कसं दिसतं ते हवाईत पाहावं. होकुलेआ ही जुन्या बनावटीची दुहेरी होडी १९७६ साली एकही उपकरण न वापरता हवाईहून पॅसिफिकमधल्या ताहिती बेटाला पोचली. वाट दाखवली मायक्रोनेशियातल्या सातावाल बेटाच्या माउ पियाइलुग यांनी. हवाईत ही विद्या जाणणारं तेव्हा कुणी उरलं नव्हतं. तारे कुठे उगवतात आणि मावळतात, लाटांची फुगवटी कुठल्या दिशेने येते, कोणता पक्षी संध्याकाळी जमिनीकडे परततो, यावरून मार्ग काढायचा. आता हवाईतल्या शाळांत या नौकानयनाच्या आधाराने खगोल, भूगोल, हवामान शिकवलं जातं. पॉलिनेशियन लोक (हवाईयन, माओरी, ताहितीचे) महासागरात वाहत वाहत योगायोगाने बेटांना लागले असावेत, असं तोवर काही विद्वान ठासून सांगत होते. एका होडीने त्यांची अडचण केली.

आदिवासी मुलं बोलून नव्हे, करून शिकतात असं म्हणतात. ते खरं आहे का?

सरसकट विधान म्हणून खोटं आहे, आणि घातकही. यातूनच 'यांना पुस्तक झेपत नाही, हातकाम द्या' असा निष्कर्ष निघतो. जुन्या निवासी शाळा तेच करत.

खरी गोष्ट जास्त बारीक आहे. अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये वॉर्म स्प्रिंग्ज या आदिवासींच्या राखीव क्षेत्रात सुसान फिलिप्स यांनी वर्गांचं निरीक्षण केलं. एकट्या मुलाला उभं करून सगळ्यांसमोर प्रश्न विचारला की आदिवासी मुलं गप्प बसत. तीच मुलं गटात, शिक्षकाची नजर थेट नसताना, भरभरून बोलत. शिक्षक मात्र गप्प मुलाला मठ्ठ समजत.

हवाईत कामेहामेहा शाळांच्या एका प्रकल्पाने १९७० च्या दशकात वाचनाचा तास बदलला. घरी गप्पा मारताना हवाईयन माणसं एकमेकांच्या वाक्यात वाक्य मिसळून गोष्ट पुढे नेतात. वर्गातही तसं बोलू दिलं, चार-पाच मुलामुलींचे मिश्र गट केले, आणि वाचन सुधारलं. छान. मग तीच पद्धत उचलून रफ रॉकच्या नवाहो मुलांना लावली, तर ती तशीच्या तशी चालेना. नवाहो मुलं दुसऱ्याचं बोलणं पुरतं संपेपर्यंत थांबत. मुलगे आणि मुली एका गटात अवघडत, दोघा-तिघांत बरं काम करत. गोष्ट तुकड्यातुकड्याने चर्चिण्यापेक्षा आधी पूर्ण ऐकून मग बोलणं त्यांना पसंत होतं. पद्धत पुन्हा घडवावी लागली.

म्हणून कुणी 'आदिवासी मुलांसाठी खास पद्धत' असं प्रशिक्षण विकायला आलं, तर कोणत्या आदिवासी मुलांसाठी, हे आधी विचारावं.

ज्येष्ठांकडे पदवी नसते. ते शाळेत कसे शिकवणार?

नियम बदलून. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात भाषा आणि संस्कृतीच्या शिक्षकांसाठी परवान्याचा वेगळा वर्ग आहे: अमुक माणसाला भाषा नीट येते का, हे त्याचा समाज ठरवतो आणि राज्य त्यावर परवाना देतं. जो भाषा जाणत नाही अशा खात्याने भाषेची परीक्षा घेण्यापेक्षा हे कितीतरी शहाणपणाचं. पण ज्येष्ठांना आठवड्यातून एक तास पाहुणे म्हणून बोलवायचं, चहा द्यायचा आणि फोटो काढायचा, हे पुरेसं नाही. त्यांना मानधन हवं, अभ्यासक्रमाच्या बैठकीत खुर्ची हवी. शिवाय ज्याला समाजाची भाषाही येते आणि वर्गही सांभाळता येतो अशी तरुण शिक्षकांची फळी तयार करावी लागते, आणि हेच सगळीकडे सर्वांत अवघड जातं. नॉर्वेने त्यासाठी १९८९ साली काउटोकेइनोला सामी उच्च शिक्षण संस्था काढली.

समाजाचं सगळं ज्ञान शाळेत आणावं का?

नाही. काही ज्ञान ठरावीक कुळाचं असतं, काही फक्त स्त्रियांचं किंवा पुरुषांचं, काही ठरावीक वयानंतरच द्यायचं असतं. काहीला ऋतूचं बंधन असतं: नवाहो समाजात दोऱ्याचे खेळ आणि कायोटीच्या (कोल्ह्यासारख्या प्राण्याच्या) गोष्टी हिवाळ्यातच चालतात. वेळापत्रकात त्या मे महिन्यात आल्या तर शिक्षकाने काय करावं? वेळापत्रक बदलावं. काय शिकवायचं नाही हे ठरवण्याचा अधिकार समाजाकडेच हवा, आणि रेकॉर्डिंग करून इंटरनेटवर टाकण्याआधी परवानगी हवी.

भटक्या किंवा हंगामी स्थलांतर करणाऱ्या समाजांचं काय?

रशियाच्या उत्तरेत नेनेत्स आणि इतर समाज रेनडिअरच्या कळपांमागे फिरतात. सोव्हिएत काळात त्यांच्या मुलांना निवासी शाळांत ठेवलं गेलं. ती शिकली, पण कळप राखायची विद्या हातून निसटली. रशियातल्याच साखा प्रजासत्ताकाने २००८ साली फिरत्या शाळांचा कायदा केला: शिक्षक तळाबरोबर फिरतो. खर्च जास्त येतो, शिक्षक मिळणं कठीण जातं. पण मुलाला शाळा आणि कुटुंब यातलं एकच निवडायला लावण्यापेक्षा हे बरं.

आंतरराष्ट्रीय कायदा काय सांगतो?

दोन दस्तऐवज महत्त्वाचे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९८९ चा करार क्रमांक १६९: शक्य तिथे मुलांना स्वतःच्या भाषेत लिहा-वाचायला शिकवावं आणि शिक्षणाचे कार्यक्रम त्या समाजांच्या सहकार्यानेच आखावेत. दुसरा, संयुक्त राष्ट्रांचा आदिवासींच्या हक्कांचा जाहीरनामा, १३ सप्टेंबर २००७ चा. कलम १४ म्हणतं की आपल्या भाषेत, आपल्या पद्धतीने शिकवणाऱ्या संस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क या समाजांना आहे. १४४ देशांनी बाजूने मत दिलं, ११ तटस्थ राहिले. विरोधात चारच होते: अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड. या पानावरची बहुतेक उदाहरणं याच चार देशांतली आहेत, हा योगायोग नव्हे. पुढे चौघांनीही भूमिका बदलली. जाहीरनामा मात्र बंधनकारक नाही. करार १६९ मान्य करणाऱ्या देशांवर बंधनकारक आहे.

आणि भारत?

भारताने जाहीरनाम्याच्या बाजूने मत दिलं, पण करार १६९ स्वीकारलेला नाही. १९५७ चा जुना करार क्रमांक १०७ स्वीकारला होता, ज्याचा रोख आदिवासींना सामावून घेण्यावर होता. राज्यघटनेचं कलम ३५० क भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याची सोय करायला सांगतं. २००३ च्या ९२ व्या घटनादुरुस्तीने संथाळी आठव्या अनुसूचीत आली. तिची ओल चिकी लिपी रघुनाथ मुर्मू यांनी १९२५ च्या सुमारास तयार केली होती. ओडिशाने २००६-०७ पासून दहा आदिवासी भाषांत बहुभाषिक शिक्षण सुरू केलं. दुसरीकडे सरकारी भर निवासी शाळांवर आहे. निवासी शाळा आपोआप वाईट ठरत नाही. पण वर उल्लेख केलेल्या देशांचा इतिहास वाचून मगच ती उभारावी.

याचा निकालावर परिणाम दिसतो का?

दिसतो, पण पुरावा समान ताकदीचा नाही. २००३ च्या त्या आढाव्यात डेमर्ट आणि टाउनर यांनाच काटेकोर अभ्यास फार थोडे सापडले होते. त्यानंतरचं सर्वांत भक्कम काम अलास्कातल्या गणिताचं: शाळा चिठ्ठी काढावी तशा दोन गटांत वाटून केलेल्या चाचणीत युपिक पाठ शिकलेल्या वर्गांची प्रगती जास्त दिसली, आणि गंमत म्हणजे आदिवासी नसलेल्या मुलांनाही फायदा झाला. कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात मिकमाव समाजांनी १९९७ च्या कराराने शाळांचा कारभार हाती घेतला. पुढच्या काळात त्यांच्यातलं शालान्त होण्याचं प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास पोचलं, कॅनडातल्या इतर राखीव क्षेत्रांच्या कितीतरी वर.

टीकाकारांचा एक मुद्दा मला पटतो: अशा शाळा निवडणारे पालक मुळातच जागरूक असतात, तेव्हा सगळं श्रेय शाळेला देता येत नाही. उलट बाजूही आहे. मूल हवाईयनमध्ये शिकलं आणि परीक्षा इंग्रजीत घेतली, तर ती नक्की काय मोजते?

शहरातल्या मिश्र वर्गात काय करता येईल?

बहुसंख्य माओरी शहरी भागात राहतात आणि त्यांची बरीच मुलं इंग्रजी माध्यमाच्या सामान्य शाळांत जातात. तिथे २००१ साली रसेल बिशप आणि सहकाऱ्यांनी आधी मुलांनाच विचारलं, की तुमचं अडतं कुठे. मुलं म्हणाली, शिक्षकांशी असलेल्या नात्यात. शिक्षकांना विचारलं तर बहुतेकांनी बोट दाखवलं मुलांच्या घराकडे. तिथून 'ते कोताहितांगा' हा कार्यक्रम निघाला आणि त्याने काम केलं ते शिक्षकांवर. मिश्र वर्गात पाच भाषांतून शिकवता येणार नाही. पण मूल मागे का पडतं याचं उत्तर त्याच्या घरात शोधायचं थांबवता येतं.

आदिवासी नसलेल्या मुलांनी हे का शिकावं?

मोंटानाच्या १९७२ च्या राज्यघटनेतच आदिवासींचा सांस्कृतिक वारसा मान्य करून तो शिक्षणातून जपण्याचं वचन आहे, आणि १९९९ च्या कायद्याने ते राज्यातल्या प्रत्येक विद्यार्थ्याला लागू केलं. त्यासाठी भरीव पैसा मिळायला मात्र २००५ उजाडलं. ज्यांच्या जमिनीवर आपलं गाव वसलं आहे त्यांच्याबद्दल काहीच न शिकलेलं मूल पुढे तहसीलदार, डॉक्टर, शिक्षक होतं आणि मग त्याच लोकांचे निर्णय घेतं. तेव्हा गरज दोन्हीकडे आहे.

सरकार बदललं तर काय?

हा धोका कायमचा. ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीत १९७३ पासून द्विभाषिक शाळा चालत होत्या. यिर्कलाच्या शाळेत १९९० मध्ये मंडावुय युनुपिंगू हे आदिवासी मुख्याध्यापक झाले होते. २००८ च्या अखेरीस राष्ट्रीय परीक्षेचे गुण कमी आले आणि सरकारने फर्मान काढलं: रोजचे पहिले चार तास इंग्रजीतच. पस्तीस वर्षांचं काम एका परिपत्रकाने खिळखिळं झालं; काही समाजांनी नेट लावून थोडं वाचवलं. वारिसाताचं काय झालं ते वर आलंच आहे. जिथे अधिकार कायद्याने आणि कराराने समाजाकडे आला, तिथे हे सोपं राहत नाही. मिकमाव शाळा त्यामुळेच टिकल्या.

मी शिक्षक आहे, समाजाबाहेरचा आहे आणि भाषा येत नाही. सुरुवात कुठून करू?

धडा लिहून नको. आधी मुलांच्या घरी जा आणि लोक काय करतात ते पाहा: मोजतात कसं, वाटणी कशी करतात, वादाचा निकाल कसा लावतात, लहान मुलाला चुकलं तर काय म्हणतात. भाषा शिकायला लागा, मुलांसमोर, अडखळत. तुम्हाला शिकवताना त्यांना फार आनंद होतो. वर्गात मातृभाषेत बोलल्याबद्दल कुणाला टोकत असाल तर ते आजच थांबवा, त्याला कुणाची मंजुरी लागत नाही. मग गावातल्या जाणत्या माणसांना विचारा की मुलांना काय यायला हवं असं त्यांना वाटतं. 'इंग्रजी' किंवा 'संगणक' असं उत्तर आलं तर नाराज होऊ नका. पुष्कळदा तेच येतं, आणि तेही शाळेला करावं लागेल. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा गेलात की दुसऱ्या गोष्टी निघतात.